माउथ ऑर्गन, तबला आणि स्ट्रिंग क्वार्टेट: कॉर्की सीगलच्या चेंबर ब्लूजचं प्रकरण

ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) आणि वेस्टर्न क्लासिकल एकत्र आणायचं ठरलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक काहीतरी होतं. एकतर व्हायोलिनवाल्यांना ब्लूज वाजवायला लावतात आणि ते बिचारे सुटाबुटात लावणीवर उभं केल्यासारखे दिसतात, नाहीतर ब्लूजवाल्याच्या मागे व्हायोलिनचे लांबच लांब मऊ सूर पसरून ठेवतात आणि त्याला फ्युजन म्हणतात. मला दोन्ही प्रकार झेपत नाहीत. शिकागोच्या कॉर्की सीगलने यातलं काहीच केलं नाही, पण तिथवर पोचायला त्याला पंचवीसेक वर्षं लागली, आणि त्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर स्टेजवरची माणसं कमी कमी होत गेली, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात १९६४ च्या आसपासची. शिकागोच्या रूझवेल्ट युनिव्हर्सिटीत संगीत शिकणारी दोन पोरं, कॉर्की सीगल आणि जिम श्वॉल, तिथे भेटली आणि जोडी जमली. सीगल माउथ ऑर्गन आणि पियानोवाला, श्वॉल गिटारवाला, आणि श्वॉलची गंमत अशी की तो इलेक्ट्रिक ब्लूजच्या त्या जमान्यात गिब्सनची साधी ॲकूस्टिक गिटार ॲम्पला जोडून वाजवायचा, त्यामुळे यांचा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळाच. शहराच्या साउथ साइडला, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, ४३ व्या रस्त्यावर पेपर्स लाउंज नावाचा क्लब होता, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ अशा लोकांचा अड्डा. तिथे या दोन गोऱ्या पोरांना नियमित वाजवायला मिळालं आणि ती दिग्गज मंडळी मधूनच स्टेजवर येऊन यांच्याबरोबर वाजवून जायची, म्हणजे तालीम कुठल्या दर्जाची झाली असेल ते बघा. पुढे सीगल-श्वॉल बँड झाला, १९६६ मध्ये व्हॅनगार्ड लेबलवर पहिली रेकॉर्ड आली, आणि नॉर्थ साइडच्या वेल्स स्ट्रीटवर बिग जॉन्स नावाच्या बारमध्ये यांचं बस्तान बसलं.

आणि त्या बारमध्ये येऊन बसायला लागला जपानी कंडक्टर सेजी ओझावा. तेव्हा तो तिशीतला, शिकागोच्या उत्तरेला जो रॅविनिया फेस्टिव्हल आहे, जिथे शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा उन्हाळ्यात वाजवतं, त्याचा म्युझिक डायरेक्टर. त्याने यांना म्हटलं की तुमच्या बँडने माझ्या बँडबरोबर वाजवावं अशी माझी इच्छा आहे. 'माझा बँड' म्हणजे शिकागो सिम्फनी! सीगलने हा किस्सा आयुष्यभर सांगितलाय.

मग हे लिहायचं काम गेलं विल्यम रूसोकडे. हा निवड म्हणून फार बरोबर माणूस, कारण रूसो शिकागोचाच, ट्रॉम्बोनवाला, स्टॅन केंटनच्या जॅझ ऑर्केस्ट्राचा अरेंजर राहिलेला, म्हणजे त्याला ऑर्केस्ट्राही कळायचा आणि स्विंगही. त्याने 'थ्री पीसेस फॉर ब्लूज बँड अँड सिम्फनी ऑर्केस्ट्रा' लिहिलं आणि १९६८ च्या उन्हाळ्यात रॅविनियाला ओझावा, शिकागो सिम्फनी आणि सीगल-श्वॉल बँड यांनी ते वाजवलं. नंतर ओझावा सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीला गेला तेव्हा तिथे त्याचं रेकॉर्डिंग झालं आणि १९७३ मध्ये ते डॉइच ग्रामोफोनवर आलं, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला बर्नस्टाइनचे वेस्ट साइड स्टोरीतले डान्स. डॉइच ग्रामोफोन, म्हणजे क्लासिकलचं ते मोठं जर्मन लेबल, तो पिवळा लोगो, कंडक्टर कारायानवाला! त्याच्यावर बिग जॉन्सच्या बारमधला बँड.

अडचण कुठे होती

रेकॉर्ड गाजली आणि ऐकायला आजही मजा येते, पण नीट ऐकलं की एक गोष्ट जाणवते, बँड आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांशी बोलतात खरे, पण खोलीच्या दोन टोकांना उभं राहून. यात रूसोचा दोष नाही, हे निम्मं फिजिक्स आहे.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ऑर्केस्ट्रा मोठा असतो, पुढे बसलेला बँड आणि मागच्या रांगेतला वादक यांच्यात सहज १५ मीटर अंतर पडतं, म्हणजे आवाज पोचायला ४४ मिलिसेकंद. वाल्ट्झमध्ये, नाहीतर लांब सुरांच्या संथ संगीतात हे चालून जातं, वादक कंडक्टरच्या काठीकडे बघून ते सांभाळून घेतात. पण ब्लूजचा शफल म्हणजे काय, तर प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे, पहिला आणि तिसरा वाजवायचा आणि मधला गिळायचा. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्यातला एक तुकडा १६७ चा. त्यात ४४ ने मागेपुढे झालात तर तुकड्याचा चौथा हिस्सा गेला, आणि शफलचा सगळा जीव त्या तिसऱ्या तुकड्यातच असतो, तो जरा आधी पडला की मार्चिंग बँड वाटतो, जरा नंतर पडला की दारू प्यायल्यासारखा.

त्यात नोटेशनची भानगड वेगळीच. शफल कागदावर नीट उतरतच नाही, एकतर सरळ दोन सारख्या नोटा लिहून वर 'स्विंग' लिहायचं, नाहीतर डॉटेड लिहायचं, म्हणजे पहिली नोट लांब आणि दुसरी आखूड, आणि डॉटेड लिहिलं की कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला माणूस ते अगदी प्रामाणिकपणे तीनास एक वाजवतो, जे दोनास एक पाहिजे होतं. मग ते टोचायला लागतं. हजारदा समजावून सांगता येईल, पण सिम्फनी ऑर्केस्ट्राची रिहर्सल महाग असते, शंभरएक माणसांचे तास मोजून मिळतात, तिथे तुम्ही 'जरा ढिलं वाजवा' हे शिकवत बसू शकत नाही.

१९७० च्या दशकात रूसोने दुसरा प्रयत्न केला, 'स्ट्रीट म्युझिक, अ ब्लूज कॉन्चेर्टो'. परत ओझावा, परत सॅन फ्रान्सिस्को, परत डॉइच ग्रामोफोन, यावेळी जोडीला गर्श्विनचं 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'. पण इथे बँड नाही! फक्त सीगल, माउथ ऑर्गन आणि पियानोवर, सोलोइस्ट म्हणून. ड्रम आणि बास गेल्यामुळे आवाजाची मारामारी एकदम कमी झाली. पहिली वजाबाकी ही.

दुसरी वजाबाकी सीगलने स्वतः केली, १९८० च्या दशकात, आणि ती फार मोठी होती. ऑर्केस्ट्राच काढून टाकला. ठेवलं काय, तर स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, एक तालवाद्यवाला, आणि तो स्वतः. आणि लिहायचं कामही स्वतःकडे घेतलं. चौघं दोन-तीन मीटरच्या अर्धवर्तुळात बसतात, आवाज दहा मिलिसेकंदांच्या आत सगळ्यांपर्यंत पोचतो, कंडक्टर लागत नाही, आणि सहा माणसांना घेऊन तुम्ही गावोगाव फिरू शकता, पन्नास वेळा रिहर्सल करू शकता. ग्रुपचं नाव सरळ 'कॉर्की सीगल्स चेंबर ब्लूज' (चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांचं छोटेखानी क्लासिकल), आणि त्याच नावाचा अल्बम १९९४ मध्ये ॲलिगेटर रेकॉर्ड्सवर आला. ॲलिगेटर म्हणजे ब्रूस इग्लाउअरने १९७१ मध्ये हाउंड डॉग टेलरसाठी काढलेलं लेबल, कच्चा खणखणीत बारमधला ब्लूज ही त्यांची ओळख. म्हणजे आधी क्लासिकल लेबलवर ब्लूज बँड आणि आता ब्लूज लेबलवर स्ट्रिंग क्वार्टेट, या माणसाचं कायम उलटंच.

दहा भोकं

आता खरा मुद्दा, सुरांचा. ब्लूजचा माउथ ऑर्गन म्हणजे दहा भोकांचा, वीस रीडचा छोटा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचा, होनर कंपनीच्या 'मरीन बँड' मॉडेलसारखा. जर्मनीच्या ट्रॉसिंगेन गावात बनणारं हे वाद्य लोकगीतं आणि पोलका वाजवायला केलेलं, पण अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी त्याला उलटं धरलं असं म्हणा हवं तर. म्हणजे 'सी' पट्टीचा माउथ ऑर्गन 'सी'मध्ये न वाजवता 'जी' हा सा धरून वाजवायचा, फुंकण्याऐवजी श्वास आत ओढून. याला क्रॉस हार्प म्हणतात, ब्लूजवाले माउथ ऑर्गनला हार्पच म्हणतात.

असं केल्यावर काय होतं ते आपल्या सरगममध्ये सांगतो म्हणजे लगेच लक्षात येईल. दुसरं भोक ओढलं की सा. तिसरं ओढलं की शुद्ध गंधार. चौथं ओढलं की पंचम, पाचवं ओढलं की कोमल निषाद. आणि गंमत अशी की तिसऱ्या भोकात ओढताना जीभ आणि घसा आतून बदलला की सूर खाली वाकतो, शुद्ध गंधारापासून कोमल गंधार, तिथून रिषभ, पार कोमल रिषभापर्यंत, आणि मधल्या सगळ्या जागा मिळतात. चौथ्या भोकात पंचम तीव्र मध्यमापर्यंत खाली येतो. ब्लूजचा जो प्रसिद्ध 'ब्लू' सूर आहे तो या शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधे कुठेतरी राहतो, एका जागी थांबतही नाही, कोमलाजवळून निघतो आणि शुद्धाकडे सरकतो पण पोचायची घाई नसते. जोग राग ऐकणाऱ्याला दोन गंधारांचं नातं नवीन नाही, फक्त इथे दोघांच्या मधल्या रस्त्यावरच मुक्काम आहे.

पियानोला ही जागाच नाही. व्हायोलिन-चेलोला आहे, पडदे नसतात, बोट कुठेही ठेवता येतं. मग साहजिक मोह होतो की चौघांनाही तो गंधार वाकवायला लावावा. सीगलने इथे जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, त्याने क्वार्टेटला क्वार्टेट राहू दिलं. चौघं आपल्या पद्धतीने वाजवतात, स्वच्छ, नेमकं, एकमेकांत गुंफलेल्या स्वतंत्र ओळी, कधी एकाने सुरू केलेली चाल दुसऱ्याने उचलायची असा बाखच्या घराण्यातला मामला, कधी बार्टोकसारखा करकरीत ताल, आणि वाकडे सूर वाकवायचं काम एकट्या माउथ ऑर्गनचं. चेलोने सा धरून ठेवला आणि वर व्हायोला शुद्ध गंधार सरळ वाजवतोय, आणि त्याच वेळी माउथ ऑर्गन त्या गंधाराच्या खाली घासत येतो, त्या दोन सुरांमध्ये जी खरखर होते, कंप येतो, ती ऐकताना कळतं की इथे कुणीतरी वाकडं आहे हे कळायला शेजारी कुणीतरी सरळ लागतं. चौघंही वाकवायला लागले असते तर नुसता गढूळ आवाज झाला असता. सीगल स्वतः याला मिश्रण म्हणत नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवतोय असंच म्हणतो, आणि ऐकताना ते पटतं.

दोन प्रॅक्टिकल गोष्टी यातच सांगून टाकतो. एक, माउथ ऑर्गन स्टेजवर ट्यून करता येत नाही. फॅक्टरीतून जसा आला तसा, बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा किंचित वर, आणि जोरात ओढला की सूर जरासा बसतो. त्यामुळे इथे क्वार्टेटलाच त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, तीनशे वर्षं जुना चेलो असला तरी त्याने त्या खिशातल्या डब्बीकडे बघून खुंटी पिळायची. दुसरी, पट्ट्या. 'सी'चा हार्प 'जी'त वाजतो, 'जी'चा 'डी'त, 'डी'चा 'ए'त, 'ए'चा 'ई'त, आणि व्हायोलिनच्या मोकळ्या तारा कुठल्या, तर जी, डी, ए, ई. म्हणजे ब्लूजवाल्याच्या रोजच्या पट्ट्या आणि तंतुवाद्यांच्या मोकळ्या तारा आपोआप जुळतात. हीच गोष्ट सॅक्सोफोन-ट्रम्पेटवाल्यांबरोबर करायला गेलात तर ते बी फ्लॅट, ई फ्लॅटमध्ये खेचणार आणि अख्ख्या क्वार्टेटची बोटं वैतागणार.

आणि तबला

हे ऐकून आपल्याकडचे कान टवकारतात. ड्रमसेट काढला मग ताल कोण धरणार, तर सीगलने तबला घेतला. सुरुवातीच्या काळात फ्रँक डोनाल्डसन हा शिकागोचा ड्रमर तबला आणि बाकीची तालवाद्यं वाजवायचा, नंतर कल्याण पाठक आले, ते मूळचे भारतातले, शिकागोत स्थायिक.

मला आधी वाटायचं की हा साठ-सत्तरच्या दशकातला तो नेहमीचा सितार-अगरबत्ती शौक असणार. पण तसं बघायला गेलं तर तबल्याने इथे तीन प्रश्न एकदम सुटतात. ड्रमसेटची झांज चेंबर म्युझिकच्या अंगावर येते, तबला क्वार्टेटएवढ्याच आवाजात राहू शकतो. दायाँ सुरात लागतो, त्यामुळे तो सा धरूनच बसलेला असतो, पाचवं तंतुवाद्य असल्यासारखा. आणि बायाँची घुमक, तळव्याने दाबून सूर वर सरकवायची, ती माउथ ऑर्गनच्या बेंडच्या अगदी जातीची आहे. म्हणजे वाकवणारे दोन झाले, एक वर, एक खाली, आणि मधे चार सरळ माणसं. माझ्या मते ग्रुपचा तोल इथेच लागतो.

तालाचंही जमतं. शफलचा एक बार (हा दारूचा नव्हे, तालाचं एक माप) म्हणजे चार ठोके गुणिले तीन तुकडे, बारा मात्रा, दादऱ्याची दोन आवर्तनं त्यात सहज बसतात. ब्लूजचा साचा अशा बारा बारचा, पहिले चार घरच्या सुरावर, पुढचे दोन चौथ्यावर, दोन परत घरी, मग एक पाचव्यावर, एक चौथ्यावर, आणि शेवटचे दोन घरी. प्रत्येक फेरीच्या शेवटी घरी यायचंच, म्हणजे समेवर. त्यामुळे एक मोठी सोय होते, क्वार्टेटपुढे कागद आहे, सीगलपुढे नाही, तो सुचेल तसं वाजवतोय, तरी कुणी हरवत नाही, कारण फेरी कुठे संपणार हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि गवई बाहेर हिंडून समेला परत येतो त्यातलाच प्रकार, फक्त इथे ठेका धरणारे पाच आहेत आणि त्यातल्या चौघांच्या हातात गज.

अडचण येते ती क्लासिकलच्या बाजूने. त्या संगीताला पुढे जायचं असतं, एक कल्पना घेऊन ती बदलत, ताणत, दुसऱ्या पट्टीत नेत नेत कुठेतरी पोचायचं असतं, आणि ब्लूज दर बारा बारांनी घरी येऊन बसतो. सीगलने फेऱ्यांच्या मधे मोकळे लिहिलेले भाग ठेवले, जिथे बारा बारचा नियम नाही आणि क्वार्टेट आपल्या वाटेने जातं. हे सगळीकडे साधलंय असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी सांधा दिसतो, आता क्लासिकल संपलं, आता ब्लूज सुरू, असं. पण ते दिसणं मला त्या गुळगुळीत फ्युजनपेक्षा परवडतं.

तुलनेसाठी मागे जायचं तर राव्हेलच्या व्हायोलिन सोनाटाचा दुसरा भाग ऐका, नावच 'ब्लूज', १९२७ चा. तिथे व्हायोलिन तारा छेडून बॅन्जोची नक्कल करत 'जी'मध्ये सुरू होतं आणि पियानो त्याच वेळी 'ए फ्लॅट'मध्ये घुसतो, अर्ध्या सुराचं भांडण. अप्रतिम आहे, पण तो राव्हेल आहे, पॅरिसमध्ये बसून दुरून ऐकलेला ब्लूज. विल्यम ग्रँट स्टिलने १९३० मध्ये 'आफ्रो-अमेरिकन सिम्फनी'त बारा बारचा ब्लूज थेट सिम्फनीचा मुख्य विषय म्हणून घेतला, आणि तो स्वतः काळा संगीतकार, म्हणजे त्याने घरची वस्तू दिवाणखान्यात आणली. दोघांतही ब्लूज शेवटी कागदावर उतरला. सीगलच्या प्रकरणात ब्लूजवाला हाडामांसाचा, समोर उभा आहे आणि त्याचा भाग कागदावर नाही, फरक हा आहे.

आता एक न आवडणारी गोष्ट पण बोलायला हवी. पेपर्स लाउंजमध्ये ज्यांच्याकडून हे शिकलं गेलं त्या लोकांना १९६८ मध्ये सिम्फनीबरोबर वाजवायचं बोलावणं आलं नाही, आलं ते युनिव्हर्सिटीत शिकलेल्या गोऱ्या पोरांना, आणि ओझावा ऐकायला बसायचा तो गोऱ्यांच्या नॉर्थ साइडच्या बारमध्ये. यात सीगलने कुणाला फसवलं असं नाही, त्याने आपल्या उस्तादांचं नाव कायम घेतलं, पण कुठला ब्लूजवाला क्लासिकलवाल्यांच्या नजरेला पडतो हे शहराच्या नकाशावर ठरलेलं होतं. खूप उशिरा का होईना थोडी भरपाई दिसते. २०१७ मध्ये 'डिफरंट व्हॉइसेस' आणि २०२२ मध्ये 'मोअर डिफरंट व्हॉइसेस' हे अल्बम आले, त्यात सीगलने पाहुणे बोलावले, सॅक्सोफोनवर अर्नी वॉट्स, आणि दुसऱ्यात टोरोन्झो कॅनन, जो शिकागोत सिटी बस चालवता चालवता ब्लूज वाजवत मोठा झाला. ज्यूंच्या प्रार्थनागृहात गाणारा एक कँटरही आहे त्यात, आणि तिथे तो वाकडा गंधार वेगळ्याच घरातून येतो, ऐकाच.

फक्त गायक आले की क्वार्टेट हळूच साथीला जातं, हा माझा आक्षेप आहे. गाण्याचे शब्द आले की कान तिकडेच जाणार, मग चार जणांची ती गुंफण कोण ऐकतंय. मला अजूनही १९९४ चा अल्बमच जास्त आवडतो.

मुंबईत हे कुणी करेल का असं मनात येतं. एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, बांद्र्याला मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तबलजींची तर कमीच नाही. पण या तिन्हींचे प्रेक्षक एकमेकांना ओळखत नाहीत, आणि इथे बिग जॉन्ससारखा बार नाही जिथे कंडक्टर येऊन कोपऱ्यात बसेल.

आणि मुळात एक पेच आहे जो शिकागोतही सुटलेला नाही. रूसोच्या 'थ्री पीसेस'चा स्कोअर आहे, कुठलाही ऑर्केस्ट्रा तो मागवून वाजवू शकतो. चेंबर ब्लूजमध्ये क्वार्टेटच्या चारही ओळी लिहिलेल्या आहेत, कुठलंही चांगलं क्वार्टेट त्या आठवड्याभरात बसवेल. पण माउथ ऑर्गनची ओळ सीगलच्या तोंडात आहे, आणि ती कुणी रेकॉर्डवरून उतरवून कागदावर घातली तर दुसरा वादक ती नोटांसारखी वाजवेल, म्हणजे परत तोच डॉटेडवाला घोळ, फक्त यावेळी ब्लूजवाल्याचा. मार्ग एकच दिसतो, ती जागा रिकामी सोडायची, वर फक्त पट्टी आणि फेऱ्यांचा आकडा लिहायचा, आणि ज्याला वाजवायचंय त्याने आपलं आपण बघायचं.